दाखवायचं किती

आमच्या वऱ्हाडात धुऱ्यावरून जितकी डोकी फुटली तितकी दारूपायीही फुटली नसतील. मोजणीखात्यात 30-32 वर्षं काढलेला माणूस म्हणून हे सांगतो. दोन सख्खे भाऊ, मधे हातभर रुंदीचा धुरा, त्यावर एक बाभूळ, आणि त्या बाभळीसाठी दोन पिढ्यांच्या कोर्टाच्या तारखा. आम्ही साखळी घेऊन जायचो. 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. पुढं साखळ्या गंजत पडल्या, ईटीएस मशीन आलं, त्याच्यामागून उपग्रहाशी बोलणारं रोव्हर आलं. तरी काम तेच. रेघ ओढायची, खुणा दाखवायच्या, सह्या घ्यायच्या आणि मागं भांडण ठेवून संध्याकाळची यष्टी पकडायची.

पण नोकरीतली माझ्या मनात रुतून बसलेली गोष्ट धुऱ्याची नाही, पांदणीची आहे. एका गावात नदीकडं आणि मसणवटीकडं जाणारी जुनी वाट होती. बैलगाडी जाईल एवढी. वावर विकलं गेलं, नव्या मालकानं ती वाट नांगरून टाकली आणि वरून तूर पेरली. गाव जमलं. मी नकाशा उघडला. वाट नव्हती. निस्तार पत्रक पाहिलं, वाजिब-उल-अर्ज पाहिला, त्यातही नोंद नव्हती. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, "माह्या सासऱ्याची मयत याच वाटेनं गेली. तवा होती ना वाट? आता कागदात नाई म्हून नाई झाली का?" मी कायद्यानं उत्तर दिलं. ते बरोबर होतं आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं.

वाजिब-उल-अर्ज म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. गावातल्या रूढी लिहून ठेवायचा तो कागद: कुणी कुठून जायचं, पाणी कसं घ्यायचं, मासे कुणी धरायचे. विदर्भात तो अजून आहे. त्यात रेघा नसतात, वाक्यं असतात. 'अमक्या नाल्यावर तमक्या गावच्या लोकांनी गुरं पाजावीत' अशी. नोकरीत असताना मला तो कागद कच्चा वाटायचा. वाक्य मोजता येत नाही, रेघ मोजता येते.

हे सगळं आठवायचं कारण सातपुड्यातलं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं वाचताना कळेल.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन तालुके सातपुड्याला पाठ टेकून बसले आहेत. खाली पूर्णेचं सपाट खोरं, खारपाणपट्टा, कपाशी आणि तूर. वर चढलं की सालई, अंजन, धावडा, साग, आणि डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश. वर कोरकू, निहाल, भिलाला, बारेला लोकांची गावं. त्यांतल्या निहालांची बोली जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेच्या गोत्रात बसत नाही. बोलणारी माणसं अंदाजे दोन-अडीच हजार, आणि ती बहुतेक याच कोपऱ्यात. कायपर नावाच्या डच पंडितानं 1962 साली या बोलीवर पुस्तक लिहिलं. परक्याला कळू नये म्हणून वापरायची ही भाषा असावी, असाही एक तर्क त्यानं मांडला. खरं-खोटं पंडित जाणोत. पण पायथ्याशी जन्म काढूनही त्या भाषेतले चार शब्द मला येत नाहीत, एवढं खरं. सरकारी यादीत निहालांचं नाव कोरकूंच्याच नोंदीत येतं, त्यामुळं बाहेरच्याला ते वेगळे दिसतही नाहीत.

तर त्या गावातली दोन पोरं एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसली. एक आयटीआय झालेला, दुसरा बीएच्या दुसऱ्या वर्षाला. सोबत एका संस्थेनं वापरायला दिलेलं हातातलं जीपीएस यंत्र आणि स्वतःचे मोबाईल. गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करायचा होता. "काका, मोजणी बराबर होते का नाई, तेवढं पायजा."

वनहक्क कायदा 2006 साली झाला. एकेकट्याच्या कसलेल्या जमिनीचा हक्क त्यात आहे, जास्तीत जास्त 4 हेक्टर. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाच्या रूढीच्या हद्दीतलं सगळं जंगल राखायचा, वाढवायचा आणि वापरायचा ग्रामसभेचा हक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली असा सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावालाही 2012 साली मिळाला आणि त्या लोकांनी उजाड रानाचं पुन्हा जंगल केलं. असा दावा करायचा तर हद्द दाखवावी लागते. हद्द दाखवायची तर नकाशा आलाच.

मी म्हटलं, करा, आणि तुम्हीच करा. आजही माझं मत तेच आहे. कारण तुम्ही केला नाही तर वरून कुणीतरी करतो. आपल्याच सातपुड्याच्या पश्चिमेच्या टोकाला, गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात सागबारा आणि डेडियापाडा तालुके आहेत. तिथं हजारो आदिवासींचे दावे फेटाळले गेले, आणि आधार घेतला उपग्रहाच्या चित्रांचा. चित्रात शेती दिसत नाही, सबब शेती नव्हती. आता वावरात मोहाची झाडं राखून खाली ज्वारी पेरणाऱ्याचं रान आभाळातून जंगलच दिसणार. आर्च वाहिनी या संस्थेबरोबर तिथल्या गावच्या पोरांनी स्वतः जीपीएस घेऊन वावरं मोजली, तीच उपग्रहाची चित्रं मागवून त्यांवर आपली मोजणी बसवली, आणि 2013 साली गुजरात उच्च न्यायालयानं सांगितलं की नुसत्या चित्रावरून दावे फेटाळता येणार नाहीत. 2012 साली सुधारलेल्या नियमांतही तेच लिहिलं आहे: उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्याच्या जागी चालणार नाही. तरीही 2019 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा, अतिक्रमण पाहायला पुन्हा उपग्रहाचीच पाहणी मागवली. दोन आठवड्यांत तो आदेश थांबवला गेला, पण त्या दोन आठवड्यांत डोंगरातल्या किती घरांत चूल नीट पेटली नसेल, ते मोजायचं यंत्र कुणाकडं नाही.

तेव्हा नकाशा हवाच, यात मला शंका नव्हती. प्रश्न त्याच्या पुढचा निघाला.

आम्ही चार दिवस शिव फिरलो. पुढं दोन म्हातारे, मधे पोरं यंत्र घेऊन, मागं मी, गुडघे सांभाळत. मोकळ्या माळावर यंत्र तीन-चार मीटरच्या आत जागा सांगायचं. खोऱ्यात उतरलं, वर सालईची दाटी आली की त्याचं डोकं फिरायचं आणि उभ्या जागी वीस पावलं इकडंतिकडं दाखवायचं. म्हाताऱ्यांचं तसं नव्हतं. ते एकेका दगडाला ओळखत होते. या अंजनाखाली कुणाची गाय वाघानं नेली, या झिऱ्याला 1972 च्या दुष्काळातही पाणी होतं, इथं तेंदूपत्त्याचं फड लागायचं. पोरं बटन दाबत, नाव टाकत. नावं मराठीत टाकत होती. निहाल घरातला म्हातारा म्हणाला, "हे नाव नाई या जागेचं," आणि खरं नाव सांगितलं. मोबाईलमध्ये ते कसं लिहावं यावर दोघं पोरं अर्धा तास भांडली, कारण त्यातला एक आवाज देवनागरीत बसेना. शेवटी कसंबसं बसवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका नाल्याच्या तोंडाशी म्हातारे थांबले. चपला काढल्या. एकानं आम्हांला हातानं बसायची खूण केली. "तुमी इथंच बसा. पुढं नोका येऊ. मोबाईल त नाईच नाई." ते दोघं आत गेले, अर्ध्या घंट्यानं परत आले. आत गावाचं देवस्थान होतं. त्याच्या पलीकडं जुनी मसणवटीही होती, असं पोरांनी मला नंतर सांगितलं.

आयटीआयवाला पोरगा बेचैन झाला. नियम त्यानं तोंडपाठ केले होते. सामूहिक हक्काच्या पुराव्यांची यादी नियम 13 मध्ये आहे. चराईची राखलेली राने, कंदमुळं आणि फळं गोळा करायच्या जागा, पाणवठे, वैदूंच्या झाडपाल्याच्या जागा, आणि शेवटी पूजेची झाडं, देवराया, दफनाच्या आणि दहनाच्या जागा. "काका, हाच त पुरावा हाय. सगळ्यात पक्का. हा नाई देला त मंग देऊ काय?"

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणि अडचणही तिथंच होती. जी जागा गावानं पिढ्यान्‌पिढ्या परक्याच्या नजरेपासून जपली, तीच दाखवली की कायदा म्हणतो, हे जंगल तुमचं. जितकी जपलेली जागा तितका वजनदार पुरावा. म्हणजे राखण्याचा हक्क मिळवायला आधी राखणं सोडायचं.

त्या रात्री गावात बैठक बसली. मी कोपऱ्यात होतो. मला विचारलं तरच बोलायचं, असं ठरवून.

पोरांची बाजू हलकी नव्हती. निम्मं गाव पावसाळा सरला की खाली कपाशी वेचायला आणि वीटभट्ट्यांवर जातं. म्हातारे दहा वर्षांत जातील. मग कुणाला माहीत असणार आहे, नाल्याच्या आत काय आहे ते? उद्या रस्ता आला, धरण आलं, खाण आली, तर साहेब विचारणार, 'कागदावर तर इथं काहीच नाही.' मला माझी पांदण आठवत होती. लपवून ठेवलेलं वाचतंच असं नाही. नुसतं विसरलं जातं, किंवा नांगराखाली जातं.

म्हाताऱ्याचं उत्तर लहान होतं. "आमच्या घरचा देव कोठी हाय, थे सायबाले कायले पायजे?"

पण बैठकीत खरी ठिणगी टाकली ती बायांनी. नाल्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या मुसळीची जागा आहे. मुसळी औषधाला जाते, भाव चांगला मिळतो, म्हणून व्यापारी खालून माणसं पाठवतात आणि रान उकरून नेतात. दोन डोंगर असेच रिकामे झालेले त्या बायांनी पाहिले होते. त्यांची रीत अशी, की बी पडल्याशिवाय उपटायचं नाही आणि सगळं उपटायचं नाही. ती जागा त्यांनी नवऱ्यांनाही धड सांगितलेली नव्हती. आणि बीएवाल्या पोरानं काय केलं होतं, तर हौसेनं तिथला फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. आता सरकारी कामाला फोटो लागतात ते कॅमेऱ्याच्या त्या ॲपमधून काढलेले, ज्यात खाली पट्टीत तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश सगळं छापून येतं. ग्रुपमध्ये गावातले होते, तसेच बाजारातले दोघं-तिघंही होते. पोराच्या आईनंच उठून सांगितलं, "सरकारले सांगतलं म्हंजे बाजाराले सांगतलं. आन तू त आधी बाजारालेच सांगतलं." पोरानं फोटो काढून टाकला. पण तोवर कुणी पाहिला आणि कुणी ठेवून घेतला, कोण सांगणार?

त्या बाईच्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. तोंडानं सांगणं आणि नकाशात घालणं, या दोन गोष्टींत फरक काय? तोंडानं सांगताना सांगणारा समोरच्याकडं पाहतो. हा कोण, कुणाचा, किती पचवू शकेल, कोणत्या दिवसात विचारतो आहे. आजी नातीला मुसळीची जागा दाखवते तेव्हा जागेसोबत बी पडेपर्यंत थांबायची रीतही देते. दोन्ही एकाच गाठोड्यात. नकाशावरच्या बिंदूत फक्त जागा असते. रीत मागं राहते. आणि बिंदू माणूस ओळखत नाही. भेंडवळची घटमांडणी आमच्याच तालुक्यातली. अक्षय्य तृतीयेला वावरात घट मांडून भोवती धान्य ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचा अंदाज सांगतात. अंदाजावर कुणी विश्वास ठेवावा, कुणी ठेवू नये. पण तिथं मांडणारा आणि वाचणारा गावासमोर उभा असतो, त्याला तोंडावर विचारता येतं. नकाशा वाचणारा कुठल्या गावात, कुठल्या खोलीत बसला आहे, ते नकाशा देणाऱ्याला कधीच कळत नाही.

'यात लपवण्यासारखं काय आहे,' असं म्हणणारे शहाणे मला भेटतात. त्यांना मी विचारतो, लेकीच्या लग्नाला सोनं किती घातलं ते तुम्ही तहसीलमध्ये फळ्यावर लिहाल का? आपलं झाकलेलं ते खासगी आणि डोंगरातल्या माणसाचं झाकलेलं ती अंधश्रद्धा, हा न्याय मला पटत नाही. त्या गावाला जे झाकायचं होतं ते लाजेपोटी नव्हतं. त्याची नीट निगा राखायची म्हणून होतं.

हा पेच आमच्याच डोंगरातला नाही. ब्राझीलमधल्या सुरुई लोकांचे प्रमुख आल्मिर सुरुई 2007 साली स्वतः गूगलकडं गेले, की आमचं जंगल तुमच्या नकाशावर दिसू द्या, म्हणजे लाकूडचोर जगाला दिसतील. त्यांना दाखवण्यात संरक्षण वाटलं. मेक्सिकोत वाहाकाच्या डोंगरात याच सुमाराला उलटं घडलं. एका अमेरिकी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सापोतेक गावांबरोबर त्यांच्या जमिनीचे नकाशे केले. 2009 साली तिथल्या एका संघटनेनं जाहीर तक्रार केली की या कामाला अमेरिकी लष्कराच्या एका कचेरीचा पैसा होता आणि गावांना ते धड सांगितलं नव्हतं. अभ्यासकांनी आरोप मानला नाही. कोण खरं, यात मी पडत नाही. पण नकाशा एकदा हातातून गेला की तो कुठं बसला आहे याची चिंता करत बसायची पाळी गावावरच येते, एवढं त्यातून दिसतं. इक्वेडोरमधल्या वाओरानी लोकांनी तिसरी वाट धरली. इंटरनेटशिवाय चालणारं, माहिती आपल्याच यंत्रात ठेवणारं मापेओ नावाचं साधन वापरून त्यांनी आपल्या रानाचे नकाशे केले आणि 2019 साली तेलकंपन्यांना जमीन देण्याच्या बेताविरुद्ध खटला जिंकला. साधन कुणाच्या ताब्यात आहे, हा यंत्राच्या किमतीहून मोठा मुद्दा.

तरी साधन आपलं असलं म्हणून सगळा प्रश्न सुटत नाही. आपल्यातल्या कुणाचं? आमच्या पहिल्या तीन दिवसांच्या फेरीत एकही बाई नव्हती. पुरुषांच्या नकाशात शिव होती, तेंदूचे फड होते, देव होते. सरपणाच्या वाटा, कंद काढायच्या जागा, उन्हाळ्यात वाळू उकरून पाणी काढायचे झिरे, यांतलं फारसं नव्हतं. बैठकीनंतर चौथ्या दिवशी बाया पुढं झाल्या, तेव्हा नकाशा दुप्पट भरला. आणि त्यांनी त्याच दिवशी सांगितलं की यातलं हे घाला, हे नका घालू. माहिती असणाऱ्यालाच ती राखून ठेवायचा हक्क असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. कायदाही थोडाफार तेच म्हणतो. ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. एरवी हा कोरम सह्यांवर भागवतात. त्या दिवशी खरा भरला होता.

शेजारच्या गावाचा प्रश्नही असाच. उत्तरेकडची एक टेकडी दोन्ही गावं वापरतात. मोहाला हे, पावसाळ्यात गुरं चारायला ते. यंत्राला असं काही समजत नाही. त्याला एक बंद आकृती हवी असते, आणि टेकडी आत तरी पडते नाहीतर बाहेर तरी. मोजणीवाल्याला हे सरळ वाटतं. मला वाटायचंच. पण पिढ्यान्‌पिढ्या भांडण न करता वापरलेल्या टेकडीवर आपण रेघ ओढली तर धुऱ्याचं भांडण डोंगरात नेऊन पेरल्यासारखं होईल. वनहक्क नियमात यासाठी चांगली तरतूद आहे: जंगल एकाहून जास्त गावं वापरत असतील तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून, वापर कसा आहे ते लिहून आपापल्या ग्रामसभेला द्यायचं. भटक्या मेंढपाळ-गुराख्यांसाठी तर त्याहून नाजूक गोष्ट लिहिली आहे. त्यांच्या हक्काची पडताळणी ते लोक हजर असतील तेव्हाच करायची. आमच्याकडं काठेवाडी गाई घेऊन दरवर्षी उतरतात आणि जातात. ते नसताना हद्द आखली तर ती सरकारी भाषेत पूर्ण होईल, पण अन्यायाची होईल. ही दोन कलमं कुणी लिहिली मला ठाऊक नाही. ज्यानं लिहिली त्याला डोंगर माहीत असावा.

दोन्ही गावं बसली. टेकडी दोघांच्या नकाशात आडव्या रेघांनी दाखवली आणि खाली वाक्य लिहिलं, कोण केव्हा काय वापरतं. म्हणजे माझा तो कच्चा वाटणारा वाजिब-उल-अर्जच नकाशाच्या पायाशी येऊन बसला.

राहिलं देवस्थान. शेवटी तीन-चार बैठकांनंतर ठरलं ते असं. मुसळीची जागा नकाशात अजिबात नाही. 'या जंगलात औषधी वनस्पती गोळा करतो' एवढं लेखी. पाणवठे, झिरे, चराई, मोहाची झाडं, तेंदूचे फड, जुने बांध, सगळं बिंदूसकट. देवस्थानाचा बिंदू नाही. त्याच्याऐवजी पाऊणशे हेक्टरांचा एक मोठा गोल, आणि त्यात एवढंच लिहिलं, 'या भागात गावाचं देवस्थान आहे.' मोबाईलमधली बाकीची माहिती पुसायची. संस्थेकडं जी प्रत गेली होती तीही परत मागायची. त्यांनी दिली.

मसणवटीवर माझं मत वेगळं होतं आणि विचारल्यावर मी ते सांगितलं. ती दाखवावी. देवाची जागा झाकली तर समजतं, पण गाडलेली माणसं ही जमिनीवरची सगळ्यात जुनी सही असते, ती सोडू नये. दावा तेवढ्यानं दुबळा होईल. म्हातारे ऐकून घेऊन हसले. त्यांतला एक म्हणाला, "भाऊ, थ्या सह्या आमच्या नाईत. ज्याईच्या हायेत त्याईले इचारलं पायजे." मसणवटी नकाशात गेली नाही. दावा तेवढा दुबळा झाला, असं मला अजूनही वाटतं. आणि ती जागा नकाशात घालायचा अधिकार मला नव्हता, हेही तितकंच वाटतं. ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात शेजारी राहतात, आणि मधे धुरा घालून त्यांची भांडणं सोडवायचं मी सोडून दिलं आहे.

पोरं मात्र हुशार. बिंदू गेला तर त्याची भर कशानं काढायची, हे त्यांनी नियमातच शोधलं. पुराव्याच्या यादीत शेवटी एक कलम आहे, दावेदारांव्यतिरिक्त वडीलधाऱ्या माणसांचं लेखी निवेदन. दावा सगळ्या गावाचा, म्हणून निवेदन बाहेरच्या माणसाचं हवं. तेव्हा टेकडीपलीकडच्या गावातला ऐंशीच्या घरातला एक म्हातारा आणला. त्याला जागा माहीत होती. लहानपणी बापाबरोबर तिथं तो जेवणाला येऊन गेला होता. बीएवाल्या पोरानं त्याचं निवेदन लिहून घेतलं: आमच्या आज्याच्या वेळेपासून या गावाचं देवस्थान त्या जंगलात आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, दरसाल तिथं पूजा होते, वाट नाल्यानं जाते.

म्हाताऱ्यानं ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा बोटानं थांबवलं आणि म्हणाला, "थो नाला काढ त्यातून." पोरानं 'वाट नाल्यानं जाते' एवढं खोडलं, बाजूला खाडाखोडीची सही घेतली. मग म्हाताऱ्यानं अंगठा पुढं केला.